डोळे मिचकवा

“चेहरा जुळत नाही.”

फोनच्या पडद्यावर पाचव्यांदा तीच लाल ओळ उमटली, तसा नानांनी टेबलावर पंजा आपटला. रंजिताच्या कपातला चहा हिंदकळला.

“आता काय मरून दाखवू का याला?”

“काका, सावकाश. परत करूया.”

घणसोली गावातल्या गल्लीत रंजिताचं ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं दुकान होतं. नोव्हेंबर संपत आला की तिच्याकडे पेन्शनवाल्यांची रांग लागे. आपण हयात आहोत हे वर्षातून एकदा ॲपला चेहरा दाखवून सिद्ध करायचं. नाहीतर डिसेंबरपासून पेन्शन बंद. आज अठ्ठावीस तारीख होती.

नानांनी घरी तीन दिवस स्वतःच खटपट करून पाहिली होती. आधी ॲपने अपडेट मागितलं. अपडेट झालं, तर दुसरं एक ॲप घ्या म्हणालं. ते घेतलं, तर पहिलं सगळं विसरून गेलं आणि पुन्हा पहिल्यापासून भरायला लावलं. ओटीपी यायचा तो वेळ संपल्यावर. आणि घरच्या फ्रिजच्या दारात पुतळाबाईंच्या इन्सुलिनची शेवटची कुपी उरलेली.

“करंजाड्याहून एवढ्या लांब कशाला आलात?” रंजिताने विचारलं. “पनवेलला झालं असतं की.”

“तिथं समदी वलखीची. म्हाताऱ्याचा फोटो येत नाय म्हनून दात काढतील.”

रंजिता हसली. “बरं, जन्मतारीख सांगा परत.”

नानांनी खिशातून कागद काढून वाचून दाखवली.

“पाठ नाही होय?”

“आमच्या वक्ताला मास्तर लिवील तीच तारीख. पाठ काय करायची?”

मागे रेशनकार्डाच्या कामासाठी बसलेल्या केतनला राहवेना. “अहो ताई, माणूस धडधडीत समोर बसलाय. तुम्ही बघताय, मी बघतोय. आणि हे डबडं म्हणतं जुळत नाही! माझ्या आईलाही गेल्या वर्षी असंच रडवलं. लाज कशी वाटत नाही यांना?”

“तेच ना!” नानांचा आवाज चढला. “गेल्या साली पयल्या फटक्यात घेतला. आनी हे हाफिसवाले कमी हायत काय? बायकोचं नाव पेन्शनीला लावा म्हनून सहा हेलपाटे घातले. काय तर म्हने, लग्नाचा दाखला आना. अंगनात मांडव पडला, आख्खा गाव जेवला, दाखला कोन काढतो? नाय लावलं नाव!”

“म्हणजे उद्या तुमचं काही बरंवाईट झालं, तर आजीला काहीच नाही?” केतनने विचारलं.

“दमडी नाय,” नाना म्हणाले.

आता रंजिताचंही डोकं तापलं. आज हे काम केल्याशिवाय शटर ओढायचं नाही, असं तिने ठरवलं. तिने नानांना पांढऱ्या भिंतीपाशी बसवलं, टोपी काढायला लावली.

“चष्मा पण काढा.”

“नको. जुन्या फोटोत चष्मा हाय.”

जाड काड्यांचा तो चष्मा नाकावरून सारखा घसरत होता. त्यातून नानांना हाताएवढ्या अंतरावरची रंजिताही धुरकट दिसत होती.

“नंबर बदललाय काका. तपासून घ्या एकदा.”

नानांनी घसरलेला चष्मा वर सरकवला. त्यांनी मिशीवरून बोट फिरवलं. मिशी अजून नीट भरली नव्हती.

“हनुवटी जरा वर. हं. आता डोळे मिचकवा.”

नानांनी डोळे मिचकवले. पडद्यावरचं चाक फिरलं, थांबलं, पुन्हा फिरलं. आणि हिरवी खूण उमटली.

“झालं!” रंजिता ओरडली.

केतनने टाळी वाजवली. “बघा, केलं शेवटी जिवंत तुम्हाला!”

नाना हसले नाहीत. कागद छापून येईपर्यंत ते प्रिंटरकडेच बघत राहिले.

“हा घ्या हयातीचा दाखला,” रंजिता त्यावरचं नाव वाचत म्हणाली. “कमळाकर काका, पुढच्या वर्षी तीन दिवस वाया घालवू नका. सरळ इथे या.”

“येईन,” नाना म्हणाले.

दोन बस बदलून ते करंजाड्याला पोचले, तेव्हा दिवेलागण झाली होती. पुतळाबाई दारातच उभ्या होत्या. नानांनी आधी चष्मा काढून कपाटातल्या जुन्या डबीत जपून ठेवला, मग घडी घातलेला कागद त्यांच्या हातात दिला.

“घ्या वयनी,” ते म्हणाले. “दादूस आनखी येक वरीस जिता हाय.”