आईचा ब्रेक

तिसऱ्या स्टॉपवर दार उघडलं आणि स्टिअरिंगवर बसलेल्या धाकट्याने आरशात पाहिलं. काळा गॉगल, नाकावर मास्क आणि डोक्याला गच्च स्कार्फ अशा थाटात एक बाई बसमध्ये चढली. गॉगल बाबांचा होता. स्कार्फ ताईचा होता. आणि पायरी चढल्यावर इतक्या जोरात "हुश्श" म्हणणारी बाई सबंध शहरात एकच होती.

"मावशी, दारात नका थांबू, मागे सरका," त्याला बस शिकवणारे उस्ताद म्हणाले. त्यांना बिचाऱ्यांना काय माहीत! ते ड्रायव्हरच्या पाठीमागच्या सीटवर गुणांचा कागद घेऊन बसले होते. आजची फेरी नीट पार पडली तर धाकटा कायम ड्रायव्हर. एकाही पॅसेंजरने बोंब मारली, तर पुन्हा डेपोत बस धुवायला.

आणि बोंब मारण्यात आईचा हात धरणारं कोणी नव्हतं.

सकाळीच त्याने हात जोडले होते. "आई, आज तेवढी येऊ नकोस."

"मी कशाला मरायला येतेय? मला कामं नाहीत का?" आई म्हणाली होती. मरायला हा शब्द तिने मनापासून वापरला होता.

आई गाडीत बसली की तिचा उजवा पाय ब्रेक दाबायला लागे. ब्रेक नसला तरी. बाबांच्या जुन्या गाडीत तिच्या पायाखालच्या मॅटला भोक पडलं होतं. "दोन ड्रायव्हर एका गाडीत मावत नाहीत," म्हणत बाबांनी शेवटी गाडीच विकून टाकली. एकदा पाय मोडला म्हणून तिला अँब्युलन्समधून नेलं, तर स्ट्रेचरवर आडवी पडून ती ड्रायव्हरला वळणं सांगत होती आणि प्लास्टरचा पाय दाबत होती. गाडीत तिचा डोळा लागल्याचं घरात कोणी पाहिलं नव्हतं. "मी झोपले तर गाडीकडे लक्ष कोण देणार?" असं ती विचारायची.

धाकट्याच्या पहिल्या लायसन्सच्या वेळी ती हट्टाने मागे बसली. पहिल्याच वळणावर ती "ब्रेऽऽक!" अशी किंचाळली, की परीक्षा घेणाऱ्या साहेबांनीच घाबरून त्यांच्या बाजूचा ब्रेक दाबला. साहेबांचा चष्मा खिडकीतून बाहेर गेला. धाकटा नापास झाला. दुसऱ्या वेळी बाबांनी तिला माहेरी धाडलं, तेव्हा कुठे लायसन्स हातात पडलं.

पुढे मोठ्या गाडीचं लायसन्स झालं, डोळे तपासून झाले. मग उस्तादांनी त्याला रेतीची पोती भरलेली बस फिरवायला लावली. माणसांच्या वजनाची सवय व्हावी म्हणून. सगळं शिकवलं. निघण्याआधी गाडीभोवती फेरी मारायची. टायर, दिवे, आरसे बघायचे. शेवटच्या स्टॉपला इंजिन बंद केलं म्हणजे ड्युटी संपली असं नाही, पार मागच्या सीटपर्यंत चालत जायचं. काही राहिलंय का, कोणी राहिलंय का, ते बघायचं. धाकटा सगळं शिकला. पण पोती ओरडत नाहीत, आणि आज पोत्यांच्या जागी आई होती.

बाजाराचं वळण आलं. धाकट्याने मान आखडून घेतली. मागून आवाज नाही. पुलाचा उतार आला. आवाज नाही. त्याला घाम फुटला. ओरडत कशी नाही? बेशुद्ध तर पडली नाही ना?

तेवढ्यात पुढच्या टेम्पोची फळी निसटली आणि सोफा घसरून रस्त्यावर आला. सोफ्यावर एक गृहस्थ बसलेले होते. ते तसेच बसून राहिले, मांडीवर टेबल लॅम्प. धाकट्याने अंतर ठेवलेलंच होतं. त्याने पाय हळूहळू दाबत नेला. बस सोफ्यापासून हातभर अंतरावर लोण्यासारखी थांबली. उभ्या पॅसेंजरचा फोन कानावरून हललासुद्धा नाही.

"थँक्यू," सोफ्यावरचे गृहस्थ म्हणाले.

धाकट्याने डोळे मिटले. आता. आता येणार किंकाळी.

आली नाही. उस्तादांनी कागदावर काहीतरी खरडलं.

शेवटच्या स्टॉपला मागचं दार उघडलं आणि सगळी गर्दी भसाभस उतरली. त्या गर्दीत गॉगल काही दिसला नाही. रागावून मधेच कुठे उतरली असणार, त्याला वाटलं. घरी गेल्यावर आहेच पूजा. त्याने इंजिन बंद केलं.

"चालवलीस बरी," उस्ताद म्हणाले. त्यांच्या तोंडून हे म्हणजे फारच झालं. "आता?"

"मागच्या सीटपर्यंत," धाकटा म्हणाला आणि सीटखाली वाकून बघत चालू लागला.

शेवटच्या सीटवर आई होती. गॉगल एका कानाला लोंबत होता, मास्क हनुवटीखाली आला होता, तोंड उघडं होतं आणि घोरण्याने खिडकीची काच थरथरत होती. दोन्ही चपला खाली होत्या. उजवा पाय तिने सीटवर पोटाशी दुमडून घेतला होता.

उस्ताद मागून आले. "बापरे, काय झोप म्हणायची ही! चल, उठव त्यांना. इथे गाडी रिकामी करायची, नियम आहे."

धाकट्याने खाली वाकून दोन्ही चपला नीट जुळवून ठेवल्या.

"आई आहे माझी," तो म्हणाला. "झोपू द्या उस्ताद. परतीचं तिकीट मी काढतो."