बावीस खुंट

पाचव्या खुंटाला स्नेहलनं खाच पाडली, सफरचंदाची काडी पाचरीसारखी तासून तिच्यात बसवली आणि मग मुद्दाम, अगदी ठरवून, ती केसभर बाजूला सरकवली. सालीला साल भिडली नाही की कलम मेलंच. हे तिला कुणी सांगायला नको होतं. तिनं बांधलेली कलमं मरत नाहीत, अशी आसपासच्या मळ्यांत तिची ख्याती होती. आंबा म्हणा, पेरू म्हणा, गुलाब म्हणा, स्नेहलचा हात लागला की डोळा फुटलाच. हातगुण मोठी चांगली गोष्ट खरी, पण ज्याला असतो त्याला तो कुठं काढून ठेवता येत नाही.

"आई, बांधा," ती म्हणाली. मान मात्र वर केली नाही.

कुसाबाई, तिच्या सासूबाई, मागून प्लॅस्टिकच्या पट्ट्या आवळत येत होत्या. सुनेनं काडी बसवायची, सासूनं बांधायचं, असं सकाळपासून चाललं होतं. घरामागच्या पाच गुंठ्यांत सफरचंदाचे बावीस रानटी खुंट होते आणि त्या बावीसांवर सासऱ्यांचा, सावळीरामांचा जीव. आपल्या नाशकात सफरचंद पिकतं, असं त्यांनी मोबाईलवर पाहिलं आणि तेव्हापासून त्यांना दुसरं काही दिसेनासं झालं होतं.

तेवढ्यात ते आलेच, चहाचा कप घेऊन. पहिल्या खुंटाशी वाकले, बांधलेली पट्टी सोडली आणि सांधा नखानं चाचपून पाहिला.

"याला म्हणायचं कलम," ते खूश होऊन म्हणाले. "पलीकडच्या मळ्यातला पुंजाराम इचारत व्हता, माणूस कुठून आणला? म्हणलं, माणूस कशाला, माझी सून हे ना घरात."

"आप्पा, एक एप्रिलला मला सिन्नरला हजर व्हायचंय." तिथल्या एका कंपनीच्या प्रयोगशाळेतली नोकरी होती. तीन वर्षं अर्ज केल्यावर मिळालेली.

"मी कधी नाय म्हणलं? आपलं बोलणं झालंय. कलमं लागली तर ती लेकरासारखी सांभाळावी लागतील, मग तू जाशील कुठं? नाय लागली तर खुशाल जा. मी आडवा येणार नाय."

उचलली जीभ लावली टाळ्याला. जिच्या हातचं मरत नाही तिला असली अट घालायची, म्हणजे माशाला सांगायचं, बुडून दाखव, मग सोडतो. नवऱ्याला, योगेशला, विचारावं तर तो म्हणे, आप्पा म्हणतात तर बघू की महिनाभर. आणि गाडीला किक मारून ओझरला ड्युटीवर निघून जाई.

सावळीराम मोटार चालू करायला विहिरीकडे गेले. इकडे पाचव्या खुंटावर कुसाबाईंची बोटं थांबली. त्यांना आता नीट दिसत नव्हतं, पण उभा जन्म द्राक्षाची कलमं बांधण्यात गेला होता. त्यांनी बोट सांध्यावरून एकदा वर, एकदा खाली फिरवलं. मग काडी उपसून काढली. आता हाक मारणार आप्पांना, स्नेहलला वाटलं.

"असं करू नको," कुसाबाई हळूच म्हणाल्या.

"चुकून झालं, आई."

"तुझ्या हातून? चुकून?" त्यांनी विहिरीच्या बाजूला कान दिला. "ते पट्टी सोडून बघतात. सरकलेली काडी लगेच दिसती. त्यापेक्षा काप घे आन काडी तशीच उन्हात ठेव. चांगली सुकू दे. मग बसव, साल नीट जुळव. वरून कोणाला कळत नाय. पंधरा दिवसांत आपोआप काळी पडती."

स्नेहल बघतच राहिली. लग्नाला सात वर्षं झाली, पण सासूबाई तिच्याशी सलग इतकं कधी बोलल्या नव्हत्या. तिला एकदम हसू आलं. त्यांच्या गळ्यात पडावंसं वाटलं. तिनं भराभर दोन काड्या तासल्या आणि जवळच्या दगडावर उन्हात ठेवल्या. नोकरीचं पत्र आल्यापासून पहिल्यांदा तिला मोकळं वाटत होतं.

"आई, पण तुम्हाला हे कसं ठाऊक?"

"द्राक्षाच्या टायमाला मीच केलं व्हतं. योगेश पाच वर्षांचा असंल. अंगणवाडीची बाई म्हणून माझं नाव आलं व्हतं गावातून. तव्हा बी हे असंच बोलले. नाय लागली तर जा." कुसाबाई बोलता बोलता पट्टीची गुंडाळी सोडवत होत्या. "तीनशे खुंट व्हते. एक बी लागलं नाय."

स्नेहलचा हात थांबला. अंगणवाडीचं नाव या घरात तिनं कधी ऐकलं नव्हतं. शेत, गोठा आणि चूल यापलीकडे सासूबाई कुठं गेल्याचं कुणी कधी बोललं नव्हतं.

"मग? तुम्ही गेला नाहीत?"

विहिरीवर मोटार सुरू झाली. पाईप हिसका देऊन फुगला आणि पाणी वाफ्यात पडायला लागलं.

"म्हणले, एवढं नुकसान झाल्यावर घर उघड्यावर टाकून निघाली कुठं?"

स्नेहलच्या हातात नुकतीच तासलेली ओली काडी होती. दगडावरच्या दोन्ही काड्यांचे काप सुकत आले होते.

कुसाबाईंनी पट्टीचा नवा तुकडा फाडला आणि हात पुढे केला.

"दे," त्या म्हणाल्या. "कुठली बी दे."