भरवणारी आणि सोसणारा

"तोंड उघडा," बायको म्हणाली.

कोशकाकांनी उघडलं नाही. उशीला टेकून ते छताच्या पंख्याकडे बघत होते. दाढीचे खुंट वाढलेले, डोळे खोल गेलेले. चहात बुडवलेलं बिस्किट तिच्या चिमटीत मऊ पडत चाललं होतं.

"पडेल हो आता. मग चादरीवर डाग, आणि सिस्टरची बोलणी मला."

ही मात्रा लागू पडली. त्यांनी बिस्किट घेतलं आणि कसंबसं गिळलं.

ऑपरेशन हृदयाच्या झडपेचं होतं. आज नंबर लागला तर आज, नाहीतर उद्या. डॉक्टरांनी दोघांना समोर बसवून साफ सांगितलं होतं, की या वयात धोका आहे, पण केलं नाही तर पुढचा उन्हाळा दिसेल याची खात्री नाही. तेव्हापासून कोशकाकांच्या तोंडाला जे कुलूप लागलं ते लागलंच. एरवी हा माणूस गप्प बसायचा नाही. उभी हयात छापखान्यात इंग्रजी प्रुफं तपासण्यात गेली. एकदा एक भला जाडा शब्दकोश टेबलावर आला, आणि तो छापून गेला तरी यांच्या डोक्यातून काही गेला नाही. रोज जेवताना बायकोला दोन इंग्रजी शब्दांची कुळकथा ऐकवायची, ही खोड तेव्हाची, आणि कोशकाका हे नावही तेव्हाचंच. ऐकून ऐकून तिचे कान किटले होते.

आज तीच म्हणाली, "शब्द राहिलेत. कालचेही बाकी आहेत."

"मूड नाही."

"मग मी काय भिंतीकडे बघत बसू? सांगा काहीतरी. इथलेच सांगा."

शेजारच्या पलंगावर सकाळीच एका गृहस्थांना आणलं होतं. ते गुंगीत होते. त्यांची सून मात्र जागी होती, आणि तिला गप्प बसवत नव्हतं.

"खायला चालतं का काकांना?" तिनं विचारलं.

"त्यांना चालतं," बायको म्हणाली.

"आणि तुम्ही? सकाळपासून बघतेय, पाण्याचा थेंब नाही तुमच्या पोटात. पेशंटपायी आपणच आडवं पडायचं का? घ्या, माझ्याकडे केळी आहेत."

"खाईन हो, नंतर."

सुनेनं कोशकाकांकडे मोर्चा वळवला. "काका, अजिबात घाबरायचं नाही. आजकाल ही ऑपरेशनं म्हणजे काहीच नाही."

कोशकाकांनी बायकोकडे पाहिलं. बायको शाल गळ्यापर्यंत ओढून गालातल्या गालात हसत होती. "ऐकताय ना?" ती म्हणाली. "घाबरायचं नाही म्हणतायत."

सून फोनवर बोलायला बाहेर गेली. थर्मासचं झाकण लावता लावता बायकोला धाप लागली. ती स्टुलावर थोडा वेळ नुसती बसून राहिली. थकवा दोघांच्याही चेहऱ्यावर सारखाच होता.

"पेशंट," कोशकाका एकदम म्हणाले. "मूळ लॅटिन. सोसणे. पेशंट म्हणजे सोसणारा."

"बरोबर आहे की. आणि दुसरा?"

"नर्स. तोही तिकडचाच. आधी अंगावर पाजणारी दाई, मग भरवणारी, वाढवणारी. आजाऱ्याची सेवा हा अर्थ मागाहून चिकटला."

"म्हणजे मी झाले नर्स." तिनं उरलेलं बिस्किट त्यांच्या हातात कोंबलं. "बिनपगारी."

त्यांना हसू आलं नाही. हातातल्या बिस्किटाचा चुरा झाला.

"घरी जाऊ या का गं?" ते म्हणाले. "मी सही करायलाच नको होती. अजून कुठे काय बिघडलंय? गोळ्यांवर चाललंय तेवढं चालू दे."

"गोळ्यांवर चालतंय? जिना चढताना काय होतं ते रोज बघतो ना आपण?"

"जिना नाही चढायचा. खालची खोली घेऊ भाड्यानं."

"आणि श्वास? तोही भाड्यानं घेणार?"

मघाशी तिनं लेकीला फोन करून कपाटाच्या चाव्या कुठे, गॅसवाल्याचा नंबर कुठे, सगळं सांगून टाकलं होतं. तेच त्यांच्या मनाला लागलं होतं.

"लेकीला एवढं सगळं कशाला सांगत बसलीस? असं निरवानिरवीचं बोलू नये."

"चाव्या सापडल्या नाहीत की घर डोक्यावर कोण घेतं?"

"मला भीती वाटते," कोशकाका म्हणाले. इतक्या वर्षांत हे वाक्य त्यांनी कधी उच्चारलं नव्हतं.

"मलापण वाटते," ती म्हणाली. "दोघांनी मिळून भ्यायचं. काही बिघडत नाही." तिनं त्यांच्या केसांतून हात फिरवला. "आता डोळे मिटा. तीन रात्री तुमच्या डोळ्याला डोळा नाही. अंगात त्राण असायला हवं की नको?"

"तू इथेच बस."

"मी कुठे जातेय? बोलावणं येईपर्यंत बसलेय."

त्यांनी तिचं बोट घट्ट धरलं आणि डोळे मिटले. थोड्या वेळानं बारीक घोरणं सुरू झालं. बाहेरून आलेल्या सुनेला तिनं ओठांवर बोट ठेवून गप्प केलं. सून पायाच्या चवड्यांवर चालत आपल्या जागेवर गेली.

तेवढ्यात दार सताड उघडलं. दोन माणसं स्ट्रेचर ढकलत आत आली. मागून सिस्टर आली, आणि पलंगाकडे बघून तिनं कपाळावर हात मारला.

"काका पुन्हा पलंगावर?"

"हळू बोल गं," बायको कुजबुजली. "आत्ता कुठे डोळा लागलाय." त्यांच्या मुठीतून तिनं आपलं बोट हलकेच सोडवलं, चादर त्यांच्या खांद्यापर्यंत ओढली आणि सिस्टरचा हात धरून स्ट्रेचरवर जाऊन आडवी झाली.