पैकीच्या पैकी

अकोल्याचे मनोविकारतज्ज्ञ डॉ. काळबांडे परवाना टिकवायला लागणारे ऑनलाइन कोर्स स्वतः कधीच करत नसत. बायकोला, रागिणीला, लॅपटॉपसमोर बसवायचे आणि आपण दर्यापूरकडच्या खेड्यांत जाऊन भाषणं ठोकायचे, “घरातलं माणूस गप्प झालं तर वेळीच ओळखा!” असल्या माणसाच्या नावानं परीक्षा द्यायची रागिणीला आधी किळस यायची, हल्ली तीही येईना.

या वेळी विषय नैराश्याचा होता. निकाल पाहून डॉक्टर फुगले. “पैकीच्या पैकी! सगळे व्हिडिओ पाहिले काय वं?”

“एकही नाही,” रागिणी म्हणाली. “लक्षणं विचारली होती. मले जे होऊन राह्यलं, तेच लिहून देल्लं.”

“शाब्बास!” म्हणत डॉक्टर सर्टिफिकेट लावायला भिंतीवर जागा शोधू लागले.