भुकटीवर करंजेल

खंड्याचे चारही पाय ताठ झाले होते आणि कातडीखालून थरथर धावत होती. बनुबाई जोत्यावर उभ्या होत्या. कुत्रा मरतो आहे हे त्यांना दिसत होते. छातीत मात्र काहीच हलत नव्हते. ज्येष्ठात सरकारी कागद आला, मास्तरांनी दार लावून वाचला, तेव्हापासून हलले नव्हते. त्यांचा मुलगा ज्ञानू ब्रह्मदेशाच्या लढाईत पडला होता. बनुबाईंनी कागद कणगीत ज्वारीखाली दडपला, मास्तरांना शपथ घातली आणि सुनेला सांगितले, दिवाळीला येईल. अंजना रोज कुंकू लावत होती. ते पुसायचा हुकूम त्यांच्या तोंडून निघत नव्हता. ज्ञानूचा कुत्रा तेवढा जगवायचा होता.

जोतीराम फौजेत खेचरांचे दवापाणी करून पेन्शनीवर आलेला. त्याने खंड्याच्या केसांतून बोट फिरवले, हुंगले.

"काय लावलंसा ह्याला?"

"करंजेल. पिसवा लय झाल्या हुत्या, दुपारी चोळलं. सासूच्या वक्तापासनं चोळत आले, एक कुत्रं मेलं न्हाई."

"निस्त्या तेलानं आसं हुईत न्हाई, बनुकाकू. खरं बोला, न्हाईतर गेलं म्हना."

बनुबाईंना न विचारता या घरात चूलही पेटत नसे. तरी अंजना पुढे झाली. तिच्या हातात हिरवट रंगाचा पत्र्याचा डबा होता.

"सकाळी मी ही भुकटी टाकली."

जोतीरामने कपाळावर हात मारला. "एका घरात ऱ्हाताय आन् एकमेकीस्नी इचारत न्हाईसा व्हय? आवं, ही फौजंतली भुकटी. कोरडी हाय तवर वर ऱ्हाती. तेल लागलं की अंगात मुरती. एकावर दुसरं कवाच लावू नगा. साबण लावून धुवा, आन् अंग चाटू देऊ नगा."

दोघी खंड्याला धुऊ लागल्या. तिसऱ्या घागरीला त्याचे पाय सैल पडले. पाचव्या घागरीला त्याने डोळे उघडले. "वाचलं. आता अंधारात गप निजवा," म्हणून जोतीराम निघून गेला.

मग बनुबाईंनी विचारले, "डबा कुनी दिला?"

"आखितीच्या टायमाला म्हसवडच्या बाजारात नाथाजी भावजी भेटलं. रजेवर आलं हुतं."

नाथाजी ज्ञानूच्याच तुकडीतला. आखिती, म्हणजे अक्षय्य तृतीया, ज्येष्ठाच्या आधी वैशाखात येते. बनुबाईंचा हात फेसात थांबला.

"आनखी काय म्हनला त्यो?"

अंजनाने खंड्याच्या पाठीवर सावकाश पाणी सोडले.

"समदं सांगितलं. तुमास्नी सोसायचं न्हाई, म्हनून मी बोलले न्हाई, आत्याबाई."