हिला कधी ‘चल’ म्हटलं नाही

“तुमच्या रक्तवाहिन्या चाळिशीतल्या माणसासारख्या लवचिक आहेत. रोज चालण्याचा हा फायदा,” डॉक्टर म्हणाले, तेव्हा बहात्तर वर्षांच्या विद्याधररावांनी अभिमानाने बायकोकडे, कुमुदकडे पाहिलं.

मग कुमुदचा रिपोर्ट उघडताना डॉक्टरांचा आवाज उतरला. तिच्या हृदयाच्या तिन्ही रक्तवाहिन्या कडक होऊन अरुंद होत चालल्या होत्या.

“तुम्ही कधीच चालला नाहीत?”

“हे फिरून यायच्या आत नाश्ता, आंघोळीचं पाणी तयार लागायचं,” ती सहज म्हणाली.

तीस वर्षं आपण रोज फिरायला जातोय, पण हिला एकदाही ‘चल’ म्हटलं नाही, हे विद्याधररावांना आत्ता उमगलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते तिचा हात धरून निघाले. फाटकापाशीच तिला धाप लागली.

“तुम्ही या जाऊन. मी बसते इथं.”

तेही तिच्याशेजारी पायरीवर बसले.