बाबांचा हट्ट

वकीलबाईंच्या टेबलासमोर तीन खुर्च्या होत्या. आई एका टोकाला बसली, बाबा दुसऱ्या टोकाला, म्हणून मधली नऊ वर्षांच्या ठकूला आली. आईला परदेशात नोकरी लागली होती. ठकूला कायमचं सोबत न्यायचं, तर बाबांची लेखी संमती हवी होती.

ठकूला जायचं नव्हतं, पण ती निश्चिंत होती. वेगळे झाल्यापासून बाबांनी आईच्या एकाही गोष्टीला सरळ होकार दिला नव्हता. शाळेची बस, दातांची तार, अगदी ठकूचे केस कापण्यावरूनही ते अडून बसले होते. "बाबा सही करणारच नाहीत, बघ तू," असं ती मैत्रिणीला छातीठोकपणे सांगून आली होती.

"सावकाश वाचून घ्या," वकीलबाई म्हणाल्या. "घाई नाही."

"काय वाचायचं, मॅडम? भांडून भांडून जीव विटला." बाबांनी पेन उचललं आणि आईकडे न बघताच म्हणाले, "जा घेऊन. या वेळी नाही मी आडवा येत."

ठकूने त्यांची बाही धरली.

 

सह्या दोन ठिकाणी करायच्या होत्या. बाबांना सहा सेकंद लागले.